विश्वासाचा आचार : ‘स्मृतिचित्रे’चे एक वाचन

१

लक्ष्मीबाई टिळक यांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाली. तेव्हापासून मराठी समीक्षेने या ग्रंथाकडे प्रामुख्याने दोन दृष्टींनी पाहिले आहे. पहिली दृष्टी वाङ्मयीन आहे. निवेदनाचा प्रांजळपणा, बोलीचा सहज ओघ, स्वतःलाही न वगळणारा विनोद आणि व्यक्तिचित्रणाचे सामर्थ्य या गुणांच्या आधारे तिने ‘स्मृतिचित्रे’ला मराठी आत्मचरित्रांच्या अग्रभागी बसवले. दुसरी दृष्टी ख्रिस्ती वाचकवर्गाची. तिच्या लेखी हा ग्रंथ म्हणजे एका ब्राह्मण कुटुंबाच्या धर्मांतराची साक्ष होय. पहिल्या दृष्टीला धर्मांतर ही चरित्रातील एक घटना वाटते. दुसरीला विनोद हा साक्षीचा अलंकार वाटतो. दोहोंमध्ये एक गोष्ट समान आहे. या ग्रंथातील धर्म आणि या ग्रंथाचे रूप यांचा परस्परांशी काही आंतरिक संबंध असेल, ही शक्यता कोणीच गंभीरपणे तपासलेली दिसत नाही.

प्रस्तुत लेखात ती शक्यता तपासावयाची आहे. ‘स्मृतिचित्रे’मध्ये ख्रिस्ती विश्वास सिद्धान्ताच्या रूपाने जवळजवळ येतच नाही. तो येतो पाण्याच्या भांड्यातून, चुलीवरून, पंक्तीतून, घरात आलेल्या परक्या मुलाच्या अंथरुणापांघरुणातून, म्हणजे आचारातून. विश्वासाचे असे रूप ज्याला दाखवावयाचे आहे त्याला प्रबंध उपयोगी पडत नाही, प्रसंगच लागतो. ‘चित्र’ हा या ग्रंथाचा घटक केवळ लेखिकेच्या स्वभावातून आलेला नाही. तो तिच्या धर्मजाणिवेची गरज आहे, असे आमचे प्रतिपादन आहे.

हा प्रश्न आज उपस्थित करण्यास एक व्यावहारिक कारणही आहे. सिडकोने आखलेल्या खारघरसारख्या नगरात, सदनिकेत वाढलेल्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला सोवळे, पारोसे, विटाळ, शिवाशिव हे शब्द टीपेवाचून उलगडत नाहीत. नळ उघडला की पाणी येते. ते कोणी भरले हा प्रश्न त्याच्या घरात उद्भवत नाही. परिणामी लक्ष्मीबाई कोणाच्या हातचे पाणी घेतात किंवा घेत नाहीत, हे प्रसंग त्याला जुन्या काळच्या गमती वाटू लागतात. विनोद त्याच्यापर्यंत पोहोचतो, पण त्या विनोदामागे काय पणाला लागले होते ते पोहोचत नाही. ‘स्मृतिचित्रे’चे विनोदी पुस्तक होणे हे या अर्थाने वाचनाचे नुकसान आहे.

२

प्रथम ‘आचार’ या शब्दाकडे वळू. मराठीत विचार आणि आचार ही जोडी रूढ आहे, आणि या जोडीत आचाराकडे धर्माचा भार अधिक आहे. ‘आचारधर्म’ असा समास आपण सहज करतो. सदाचार, अनाचार, भ्रष्टाचार हे सारे शब्द त्याच मुळाचे. पण सर्वांत बोलका शब्द म्हणजे ‘आचारी’. स्वयंपाक करणाऱ्या माणसाला भाषेने आचारी म्हणावे, यात एका समाजाने आपला धर्म कोठे साठवून ठेवला होता याची खूण सापडते. देवघराइतकाच, किंबहुना काकणभर अधिक, तो स्वयंपाकघरात होता. कोणी शिजवले, कोणी वाढले, कोणाच्या पंक्तीला बसून खाल्ले, यावर माणसाचे धार्मिक स्थान ठरत असे. रोटीव्यवहार आणि बेटीव्यवहार ही जातीची दोन कुलुपे; त्यांपैकी पहिल्याची किल्ली गृहिणीच्या कनवटीला असे.

या भूमीवर एकोणिसाव्या शतकात प्रॉटेस्टंट ख्रिस्ती विचार आला. त्याचा गाभा असा की, मनुष्याचे तारण विश्वासाने होते, कर्माने नव्हे. ल्यूथरला याकोबाचे पत्र गवताच्या काडीइतके हलके वाटले, ते याच भूमिकेतून. कारण कृतीची जोड नसलेला विश्वास निर्जीव होय, असे त्या पत्रात बजावले आहे. मराठी मुलखातील मिशनऱ्यांनी हिंदू धर्मावर जी टीका केली तिचा एक मोठा भाग ‘बाह्य आचार’ या शब्दाभोवती फिरतो. गंमत अशी की, ही टीका मराठी कानाला सर्वस्वी नवी नव्हती. सोवळ्याओवळ्याचा बडेजाव संतांनी आधीच उघडा पाडला होता. नारायण वामन टिळकांनी तुकोबांना आपल्याला ख्रिस्तापर्यंत नेणारा सेतू मानले, त्यामागे ही पूर्वपीठिका आहे.

तथापि बाह्य आचार निरर्थक आहे असे म्हटल्याने आचाराचा प्रश्न सुटत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी भरावेच लागते. ते कोठून, कोणी आणि कोणासाठी, हे ठरवावेच लागते. जुना आचार सोडलेल्या माणसाला आचारशून्य अवस्थेत राहता येत नाही. त्याला दुसरा आचार घडवावा लागतो. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाने या दुसऱ्या आचाराविषयी काय सांगितले, हा खरा चिकित्सेचा विषय आहे. ‘स्मृतिचित्रे’चे महत्त्व कळण्यासाठी तिच्या अगोदरची वाट थोडी पाहिली पाहिजे.

३

बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांच्या ‘यमुनापर्यटन’ (१८५७) या कादंबरीत सदाचाराचे चित्रण आहे. यमुना ख्रिस्ती विचारांकडे वळलेली, सात्त्विक, सोशिक आणि परदुःखाने कळवळणारी आहे. पतीसमवेतच्या प्रवासात ती विधवांच्या कहाण्या ऐकते. पुढे वैधव्य तिच्याही वाट्यास येते. शेवटी ती ख्रिस्ती होते आणि पुनर्विवाह करते. विधवांच्या स्थितीचा असा लेखाजोखा मराठीत त्यापूर्वी कादंबरीच्या रूपाने आला नव्हता, हे निर्विवाद आहे. परंतु यमुनेचे शील कथेच्या आरंभीच पूर्ण झालेले आहे. प्रसंग तिला घडवीत नाहीत, तिच्या मताला पुरावा पुरवतात. येथे आचार हा युक्तिवादाचा दृष्टान्त आहे.

त्यांच्या ‘अरुणोदय’ या आत्मचरित्राची घडण निराळी आहे. वाचन, शंका, वादविवाद, निश्चय, बाप्तिस्मा आणि मग आप्तांचा वियोग या क्रमाने ते पुढे सरकते. विचार आधी व आचार नंतर, अशी ही रचना आहे. ज्ञानाच्या मार्गाने गेलेल्या पुरुषाची ही वाट असून धर्मांतरकथेचा जगभरचा परिचित साचा तिच्यात दिसतो. पण या संदर्भात परमहंस सभेची आठवण ठेवणे आवश्यक आहे. मुंबईत १८४९ मध्ये स्थापन झालेल्या या गुप्त मंडळीचे सभासद जातिभेद मोडल्याची खूण म्हणून परजातीयाच्या हातचा पाव खात. कृती क्रांतिकारक होती, पण बंद दाराआड होती. सभासदांच्या नावांची यादी बाहेर फुटली तेव्हा मंडळी विखुरली. गुप्तपणे खाल्लेला पाव हा विधी होऊ शकतो. तो आचार होऊ शकत नाही. आचार रोजचा असावा लागतो आणि चारचौघांसमोर असावा लागतो.

चारचौघांसमोर आल्यावर काय होते, याचे उदाहरण १८९० च्या पंचहौद मिशनच्या चहाने घालून दिले. पुण्यातील प्रतिष्ठित मंडळींनी मिशनमध्ये चहा घेतल्याची बातमी पसरली, ग्रामण्य उद्भवले आणि अखेर न्यायमूर्ती रानड्यांसारख्या पुरुषाने स्नेह्यांच्या अडचणीकडे पाहून प्रायश्चित्त घेतले. रमाबाई रानड्यांनी ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ (१९१०) या ग्रंथात हा प्रसंग नोंदवला आहे. एका पेल्याने एवढे वादळ उठावे, यातच आचाराच्या सत्तेचे माप मिळते. विचाराने सुधारक असलेल्यांनाही ती सत्ता ओलांडता आली नाही. हे सारे घडल्यानंतर अवघ्या काही वर्षांनी, १० फेब्रुवारी १८९५ रोजी, टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला.

पंडिता रमाबाईंचे (१८५८–१९२२) उदाहरण याहून गुंतागुंतीचे आहे. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतल्यानंतरही त्यांनी शाकाहार सोडला नाही. त्यांच्या या आग्रहात जातीचा अवशेष आहे, असे धर्मगुरुभगिनींना वाटे. रमाबाईंनी आपल्या ताटाचा निर्णय आपल्या सदसद्विवेकाकडे ठेवला. ख्रिस्ती होणे म्हणजे इंग्रजी जेवण जेवणे नव्हे, हे त्यांनी मांडले आणि तसे जगून दाखवले. उलट बाजूने पाहता, १८८९ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या शारदा सदनात ब्राह्मण मुलींना आपापले आचार पाळण्याची मुभा होती. रमाबाईंची प्रार्थना मात्र उघड्या दाराने चाले. काही मुली तिकडे ओढल्या गेल्या आणि १८९३ मध्ये वाद पेटला. पालकांनी मुली काढून नेल्या, सल्लागार मंडळातील सुधारकांनी अंग काढून घेतले.

या वादात एक तात्त्विक प्रश्न दडलेला आहे. चांगले वागणे हाही प्रचारच काय? ज्या माणसाचा विश्वास त्याच्या आचरणात उतरला आहे, त्याचे आचरण पाहणाऱ्याला तटस्थ कसे राहू देईल? रमाबाईंचे विरोधक हे जाणून होते. म्हणूनच त्यांना उपदेशाहून उघड्या दाराची भीती अधिक वाटली. आचरणाची ही भाषा शब्दांवाचून बोलते, आणि म्हणूनच तिच्यावर आक्षेप घेणे व तिचे समर्थन करणे दोन्ही अवघड असते. रमाबाईंचे कार्य पुढे केडगावच्या मुक्तिसदनात विस्तारले. १८९६-९७ च्या व त्यापुढील दुष्काळांत त्यांनी अनाथ मुली व विधवा तेथे आणून वाढवल्या. पण रमाबाईंचा आचार संस्थेच्या रूपाने प्रकटतो. एका सामान्य संसाराच्या चार भिंतींत तो कसा दिसतो, हे सांगण्यास दुसरी लेखणी लागणार होती.

४

‘स्मृतिचित्रे’ची सुरुवात सोवळ्यापासून व्हावी, हा योगायोग नाही. लक्ष्मीबाईंच्या आईच्या वडिलांना १८५७ च्या धामधुमीत फाशी झाली. त्या धक्क्यानंतर लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या मनाने शुद्धतेचा असा ध्यास घेतला की, बाहेरून घरात येणारी प्रत्येक वस्तू धुतल्यावाचून आत येईना. वाचक येथे हसतो, आणि त्याने हसावे अशी लेखिकेची योजनाही आहे. पण निवेदनात एक तपशील सतत जागा आहे. सोवळे वडिलांचे, धुण्याचे काम मात्र बायकांचे. आज्ञा एकाची, हात दुसऱ्याचे. पुरुषाचा धर्म स्त्रीच्या श्रमावर उभा असतो, हे सूत्र पहिल्या पानांतच पेरले जाते. ते पुढे कोठे उगवते, ते यथाक्रम पाहू.

टिळकांचे धर्मांतर हा ग्रंथाचा मध्य. एका आगगाडीच्या प्रवासात भेटलेल्या गोऱ्या गृहस्थाने दिलेला ‘नवा करार’, पुढचे वाचन, पत्रव्यवहार आणि बाप्तिस्मा असा टिळकांचा प्रवास पदमनजींच्या जातकुळीतला आहे. लक्ष्मीबाई त्या प्रवासात सहभागी नाहीत. त्यांच्या वाट्यास येतो केवळ परिणाम : पतीचे धर्मांतर, नातलगांच्या आश्रयाने काढलेली पंढरपूर-नाशिककडील वर्षे, आणि वेड लागावे असे दुःख. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या नगरला पतीकडे जातात, पण ख्रिस्ती म्हणून नव्हे. त्यांची चूल वेगळी, पाणी वेगळे, सोवळे शाबूत. पती-पत्नी एकमेकांजवळ आहेत, आणि त्यांच्यामध्ये एक स्वयंपाकघर आहे. धर्मांतराची खरी सीमारेषा बाप्तिस्म्याच्या पाण्यात नसून पिण्याच्या पाण्यात आहे, हे मराठीत इतक्या स्पष्टपणे अन्यत्र क्वचितच दिसले असेल.

या टप्प्यावर ग्रंथातील निर्णायक प्रसंग येतो. लक्ष्मीबाई एकट्याच विचार करीत असतात. जाती देवाने केल्या की माणसाने? देवाने केल्या असत्या तर जन्मात, मरणात, देहाच्या घडणीत काही फरक नको होता काय? या प्रश्नांची उत्तरे त्या कोणत्याही ग्रंथात शोधीत नाहीत. बायबलचे वचन नाही, धर्मगुरूचा उपदेश नाही, पतीचा आग्रह तर नाहीच. उत्तर मिळताच त्या जे करतात ते या लेखाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. त्या एखादे मत जाहीर करीत नाहीत; यापुढे कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचे ठरवतात आणि त्या दिवसापासून तसे वागू लागतात. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली.

क्रम येथे उलटा झाला आहे. पदमनजींचा क्रम विचार, विश्वास, बाप्तिस्मा, आचार असा होता. लक्ष्मीबाईंचा क्रम आचार, बाप्तिस्मा, आणि विश्वासाची उमज पुढे आयुष्यभर. प्रॉटेस्टंट धर्मशास्त्राच्या चौकटीत हे बसवणे सोपे नाही. परंतु ज्या समाजाने धर्म आचारात साठवला होता, त्या समाजातील व्यक्तीचे धर्मांतर खरे असेल तर ते आचारातच घडले पाहिजे, हे उघड आहे. लक्ष्मीबाई आचाराकडून विश्वासाकडे गेल्या नाहीत. त्या एका आचाराकडून दुसऱ्या आचाराकडे गेल्या, आणि विश्वास त्या दुसऱ्या आचारात राहावयास आला.

याच ठिकाणी निवेदनाच्या रूपाचा प्रश्न उपस्थित होतो. वर उल्लेखिलेला विचार ग्रंथात फार थोडी जागा घेतो. त्याच्या आधीचे खटाटोप, म्हणजे सोवळे सांभाळण्याच्या युक्त्या, फजित्या, रुसवे, नगरच्या ख्रिस्ती शेजारणींपासून अंग चोरणे, यांना मात्र भरपूर जागा मिळते. सोडून दिलेल्या आचाराला एवढे स्थान का? कारण तो आचार निवेदिकेच्या अंगात किती खोल मुरला होता, हे दाखवल्यावाचून तो सोडण्याचे मोल कळणार नाही. विनोदाचे कार्य येथे दुहेरी आहे. तो जुन्या स्वतःकडे पाहावयास अंतर देतो, आणि त्याच वेळी त्या स्वतःला तुच्छ लेखू देत नाही. धर्मांतरकथांत पूर्वायुष्य बहुधा अंधार म्हणून रंगवले जाते. लक्ष्मीबाईंना ते अंधार वाटत नाही. ते त्यांचे माहेर आहे. ज्या माणसांनी आपल्याला सोवळे शिकवले त्यांच्यावर प्रेम करीतच त्या सोवळे टाकतात. हा क्षमाशील विनोदच या ग्रंथातील ख्रिस्ती आचरणाचे पहिले लक्षण होय. तो कथेतील पात्राच्या वागण्यात जसा आहे, तसाच लेखिकेच्या वाक्यरचनेतही आहे.

५

आता मघाच्या सूत्राकडे वळू. माहेरी सोवळे वडिलांचे आणि श्रम बायकांचे होते. सासरी, ख्रिस्ती घरात, काय घडते? टिळक उदार आहेत, आवेगी आहेत, तापट आहेत. घरात पैसा टिकत नाही आणि पाहुणा संपत नाही. कोणाला काय देऊन टाकतील याचा नेम नाही. दुष्काळाच्या आणि प्लेगच्या वर्षांत निराधार मुले या घरात येतात आणि घरचीच होतात. कवी टिळकांचे चरित्र लिहिणारा या साऱ्यास ख्रिस्ती प्रीतीचा आविष्कार म्हणेल, आणि ते चूक ठरणार नाही. पण मुलाला घरी आणणे आणि मुलाला वाढवणे या दोन क्रिया आहेत. पहिली टिळकांची, दुसरी लक्ष्मीबाईंची. आलेल्या मुलाच्या डोक्यातील उवा, त्याचे दुखणे, त्याच्या ताटातील भाकरी, महिनाअखेरचा हिशेब हे सारे ज्या हातांनी केले त्याच हातांनी पुढे ‘स्मृतिचित्रे’ लिहिली.

म्हणजे वडिलांचे सोवळे आणि पतीचे औदार्य यांच्यात, आशयाने परस्परविरुद्ध असूनही, रचनेचे साम्य आहे. दोन्ही ठिकाणी धर्माची कल्पना पुरुषाची आणि तिची अंमलबजावणी स्त्रीची. लक्ष्मीबाई हे सिद्धान्तरूपाने सांगत नाहीत. पण दोन्ही घरांची चित्रे एकाच नजरेने काढून वाचकासमोर ठेवतात. फरक एकच, आणि तो मूलभूत आहे. सोवळ्याचे श्रम त्यांनी नाइलाजाने पाहिले व केले. निराधारांची सेवा त्यांनी कुरकुरत का होईना, हळूहळू आपली म्हणून स्वीकारली. त्यांची कुरकुर ग्रंथात प्रामाणिकपणे नोंदली गेली आहे, हे विशेष. सदाचरणाची किंमत कोणी मोजली याचा हिशेब न मांडणारे चारित्र्यवर्णन हे बहुधा स्तोत्र होते. ‘स्मृतिचित्रे’ स्तोत्र होत नाही, याचे कारण हा हिशेब.

या अर्थाने हा ग्रंथ गृहिणीची साक्ष आहे. सार्वजनिक व्यासपीठावरून पाहिले तर टिळक हे कवी, कीर्तनकार, ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादक, आणि १९१७ मध्ये मिशनची चाकरी सोडून साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडणारे, बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही त्यात स्थान देऊ पाहणारे द्रष्टे दिसतात. स्वयंपाकघराच्या दारातून पाहिले तर तेच टिळक चिडतात, घर सोडून जातात, परत येतात, पश्चात्ताप करतात. दोन्ही चित्रे एकमेकांना खोटे ठरवीत नाहीत. उलट दुसऱ्या चित्रामुळे पहिले विश्वसनीय होते. चारित्र्य म्हणजे दोषांचा अभाव नव्हे. दोषासकट पुन्हा पुन्हा एका दिशेने परतणे म्हणजे चारित्र्य, अशी काहीशी समजूत या प्रसंगमालिकेतून आकारास येते.

येथे एक आक्षेप संभवतो. ही सारी माणुसकी आहे. तिला ख्रिस्ती म्हणण्याचे कारण काय? दया, आतिथ्य, अनाथसेवा हे गुण कोणत्याही धर्माची मिरास नाहीत. आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर सावधपणे दिले पाहिजे. एक उत्तर ग्रंथाबाहेर आहे. टिळकांनी आरंभिलेल्या ‘ख्रिस्तायन’ महाकाव्याचे जेमतेम साडेदहा अध्याय त्यांच्या हातून झाले. १९१९ मध्ये ते निवर्तले. पुढचे चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले. जिचे लिहिणे-वाचणे लग्नानंतर पतीच्या लहरीप्रमाणे, खंड पडत पडत झाले, त्या स्त्रीने ख्रिस्तचरित्र ओवीबद्ध करण्याचे काम उतारवयात निष्ठेने चालवले. तिच्या आचारामागे कोणाचे जीवन आदर्श म्हणून उभे होते, याविषयी यानंतर शंका उरू नये. दुसरे उत्तर ग्रंथाच्या आत आहे. तिच्या माणुसकीला एक निश्चित सामाजिक पत्ता आहे. नगरकडील अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीत बहुसंख्य माणसे महार व मांग समाजांतून आलेली होती. त्या मंडळीत प्रभुभोजनाची एकच भाकर आणि एकच प्याला. उपासनेत जे अधूनमधून विधिरूपाने घडते, ते घरात दररोज पाण्याच्या तांब्याने घडावे, हा लक्ष्मीबाईंच्या निर्णयाचा अर्थ आहे. त्यांचे ख्रिस्तीपण येथे आहे : वेदीवरचा प्याला आणि घरातला तांब्या यांत त्यांनी अंतर ठेवले नाही.

६

एवढे म्हटल्यानंतर या संहितेच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. एरवी आमचेही लेखन स्तोत्र होईल.

पहिली मर्यादा दृष्टिकोणाची. ‘स्मृतिचित्रे’त जातिभेद मोडण्याची क्रिया वरून खाली उतरण्याची आहे. कोणाच्या हातचे पाणी घ्यावयाचे, हे ठरवण्याचा अधिकार ज्याच्याकडे आहे त्याने तो सोडून देणे, हा तिचा आशय. पण ज्या ख्रिस्ती शेजारणींच्या हातचे पाणी लक्ष्मीबाई अखेर पितात, त्यांना काय वाटले असेल? आपल्या हातचे पाणी नाकारले जात असताना रोज त्यांच्या मनात काय घडत होते? त्यांच्या लेखी ख्रिस्ती आचरण म्हणजे त्याग नव्हता, कारण त्यागण्याजोगी प्रतिष्ठा समाजाने त्यांना दिलीच नव्हती. त्यांच्यासाठी ते स्वाभिमानाचे, शिक्षणाचे, ताठ कण्याने उभे राहण्याचे आचरण असणार. त्या बाजूचे ‘स्मृतिचित्र’ मराठीत त्या काळी लिहिले गेले नाही, आणि लक्ष्मीबाईंच्या चौकटीत ते मावत नाही.

दुसरी मर्यादा व्यक्तिगत आचाराची. एका घराने पाणी घेतले म्हणून गावचे पाणवठे खुले होत नाहीत. ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग प्रसिद्ध होण्यापूर्वी सात वर्षे, २० मार्च १९२७ रोजी, महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सहकाऱ्यांसह पाणी प्राशन केले. महाड त्या वेळच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातले; पनवेल आणि खारघरही त्याच जिल्ह्यातली. पाण्याच्या या दोन कृती शेजारी ठेवून वाचल्या पाहिजेत. लक्ष्मीबाईंच्या पाण्यात विशेषाधिकाराचे विसर्जन आहे. महाडच्या पाण्यात हक्काची प्रतिष्ठापना आहे. पहिली कृती सदसद्विवेकाच्या कक्षेत घडते, दुसरी नागरिकत्वाच्या. पुढे आंबेडकरांनी भारतीय ख्रिस्ती समाजाची चिकित्सा करताना, धर्म बदलला तरी जातीची सवय पुरती सुटली नाही, यावर बोट ठेवले. ही टीका लक्ष्मीबाईंसारख्यांना लागू होत नाही असे म्हणून बाजूला सारता येणार नाही. त्यांचा आचार अपवाद म्हणून उठून दिसतो, यातच टीकेचे तथ्य आहे.

परंतु मर्यादा सांगणे म्हणजे मोल नाकारणे नव्हे. हक्क कायद्याने मिळतो. तो मिळाल्यानंतरही पंक्तीत शेजारी कोण बसले आहे यावरून मान वळवण्याची सवय कायद्याला मोडता येत नाही. ती सवय ज्या ठिकाणी जन्मते त्याच ठिकाणी, म्हणजे घरात, मोडावी लागते. खारघरच्या ज्या विद्यार्थ्याचा प्रारंभी उल्लेख केला, त्याला सोवळे हा शब्द परका आहे. पण घर भाड्याने देताना ताटात काय शिजते याची होणारी चौकशी, कामाला येणाऱ्या बाईसाठी वेगळा ठेवलेला कप, आडनाव विचारण्याची सहज वाटणारी घाई, हे आचार महानगरांतही त्याच्या आसपास आहेत. त्यांना नवे शब्द मिळाले आहेत, इतकेच. या आचारांशी ‘स्मृतिचित्रे’ जोडून वाचली, तर तिच्यातील विनोदाला पुन्हा धार येईल.

ख्रिस्ती मराठी वाङ्मयाच्या अभ्यासालाही यातून एक दिशा मिळू शकते. फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘क्रिस्तपुराणा’पासून (१६१६) फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’पर्यंत (२०१०) या परंपरेचा विचार आपण मुख्यतः भाषांतर, छंद, परिभाषा आणि धर्मप्रचार या अंगांनी केला आहे. विश्वास कोणत्या शब्दांत आला हे आपण पाहिले. तो कोणत्या वागण्यात आला, आणि त्या वागण्याने गद्याला कोणते वळण दिले, हे फारसे पाहिले नाही. दिब्रिटोंनी वसईच्या हरित पट्ट्यासाठी दिलेला लढा आणि त्यांचे ललित गद्य, रमाबाईंचे मुक्तिसदन आणि मूळ भाषांवरून त्यांनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर, यांचा एकत्र विचार व्हावयास हवा. मुक्तीच्या छापखान्यात निराधार स्त्रियांनी खिळे जुळवून तो ग्रंथ छापला, ही गोष्ट त्या भाषांतराच्या इतिहासातील तळटीप नव्हे. ती त्याच्या अर्थाचा भाग आहे.

‘स्मृतिचित्रे’पुरते बोलायचे तर, धर्मांतराचे आत्मचरित्र आणि संसाराचे आत्मचरित्र असे या ग्रंथाचे दोन तुकडे पाडणे थांबवले पाहिजे. लक्ष्मीबाईंचा विश्वास त्यांच्या संसारावाचून सांगता येत नाही, आणि त्यांचा संसार त्या विश्वासावाचून कळत नाही. आपण काय मानतो ते त्यांनी फारसे लिहिले नाही. आपण काय केले, कोणासाठी केले आणि करताना कितीदा कुरकुरलो, एवढेच लिहिले. त्या कृतींतून विश्वास वाचून काढण्याचे काम त्यांनी वाचकाकडे सोपवले आहे.